मधलं सोडून

सगळ्यात आधी एक कबुली. मला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. कॅमेरा कुठे ठेवला, कट कुठे मारला, रंगांची भाषा वगैरे काय म्हणतात ती कशी वाचायची, यातलं काही मला येत नाही. जेवताना काहीतरी लावायचं, कंटाळा आला की बदलायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना छातीठोकपणे मत ठोकून द्यायचं, "ठीक आहे रे, एकदा बघायला हरकत नाही." एवढीच आपली पात्रता. अशा माणसावर गेली दोन वर्षं जवळजवळ रोज रात्री सिनेमा 'सांगायची' वेळ आली आहे.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी आई गावचं घर बंद करून कायमची आमच्याकडे डोंबिवलीला आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. अक्षर मोत्यासारखं, आणि दुसऱ्याच्या चुका काढण्यात हात धरणारं कोणी नाही. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे झिजत चालला आहे. डॉक्टरी भाषेत मॅक्युलर डीजनरेशन. यात कडेचं दिसतं आणि मधलं जातं. म्हणजे समोर माणूस उभा असेल तर त्याच्या खांद्यामागची खिडकी दिसते, खिडकीवरचा कावळाही दिसतो, पण चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. डाव्या डोळ्याचं मधलं गेलं आहे. उजव्याने अजून बऱ्यापैकी काम चालतं, पण वाचन बंद झालं.

त्यामुळे टीव्ही बघायचा म्हणजे आई टीव्हीकडे बघत नाही. डावीकडच्या भिंतीवर कालनिर्णय लटकवलेलं आहे, त्याच्याकडे बघते. मग टीव्ही तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात येतो आणि थोडाफार दिसतो. पाहुण्यांना वाटतं म्हातारी एकादशी कधी आहे ते शोधतेय. :)

उरलेलं मी सांगायचं, असं आपोआप ठरत गेलं.

पहिला सांगितलेला सिनेमा 'शोले'. मुद्दामच. १९७५ सालचा, आईला अर्धाअधिक पाठ, म्हणजे आपली मेहनत कमी. मी उत्साहाने सुरू केलं. आता घोडे आले, आता गब्बर खडकावर चढला, आता बसंतीने टांगा थांबवला. आईने दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू जरा गप्प बसशील का? मला ऐकू येतंय."

गप्प बसलो आणि मलाही ऐकू यायला लागलं. ठाकूरच्या घरातल्या सगळ्यांना गब्बर मारतो, त्या प्रसंगात झोपाळा करकरत असतो. मी हा सिनेमा पंधरा-वीस वेळा तरी पाहिला असेन. ती करकर माझ्या कधी लक्षातच राहिली नव्हती. मग पुढे अहमदचं प्रेत घोड्यावरून गावात येतं. सगळा गाव पुतळ्यासारखा उभा. आणि इतकी शांतता का, असं विचारतो तो एकटा इमामसाहेब, ए. के. हंगल, ज्याला दिसत नाही. त्या वाक्याची आपण किती टिंगल केली आहे! वर्गात सर आले की तेच, मॅच हरली की तेच. आई कालनिर्णयकडे बघत म्हणाली, "सगळ्यांना दिसतंय म्हणून सगळे गप्प. त्याला दिसत नाही म्हणून त्याला विचारावं लागतं. आणि एक जण पटकन तोंड उघडून सांगत नाही बघ त्याला."

मी "हो ना" म्हटलं आणि पुढचं गाणं लावलं.

मग हळूहळू नियम ठरत गेले. नियम अर्थातच आईने केले. एक, आवाजातून कळतंय ते सांगायचं नाही. दोन, माणूस काय करतोय ते सांगायचं, त्याला काय वाटतंय ते नाही. "तो दुःखी आहे असं सांगू नकोस. तो काय करतोय ते सांग, दुःखी आहे की नाही ते माझं मी ठरवीन." तीन, विशेषणं कमी. चौथीच्या पोरांना निबंध शिकवताना हेच सांगत असणार.

सांगायला सोपं वाटतं, पण करून बघा एकदा. माणूस काय करतोय ते सांगायचं तर आधी बघावं लागतं, आणि मी इतकी वर्षं बघतच नव्हतो असं माझ्या लक्षात आलं. मी आपला गोष्ट कुठवर आली तेवढं तपासत असायचो, डोंबिवली फास्ट कुठल्या स्टेशनात आहे ते बघावं तसं.

'कोर्ट' मी २०१५ मध्ये थिएटरात पाहिला होता. चैतन्य ताम्हाणेचा. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, ऑस्करला भारतातर्फे गेलेला. तेव्हाचं माझं मत, "चांगला आहे पण स्लो आहे." एका शाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप, आणि त्याचा कोर्टात रखडत चाललेला खटला. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. आईला सांगायला घेतला तर तो अजिबात स्लो नव्हता. एकेका दृश्यात इतकी माणसं इतकं काही करत असतात की सांगता सांगता माझी दमछाक झाली. आईला तर आवाजामुळेच तो फार आवडला. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, आणि मध्येच न्यायाधीश टायपिस्टला सांगतात ती कारकुनी भाषा. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि सपाट आवाजात सांगते, की नवरा गटारातून झुरळ वर येतंय का बघायचा. झुरळ आलं तर आत हवा आहे असं समजायचं आणि उतरायचं. आई म्हणाली, "ही खरं बोलतेय. आवाज बघ, कुठेही चढत नाही."

शेवटाकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते. कोर्टाची खोली रिकामी होते, कोणीतरी एकेक दिवा बंद करतो आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. मी म्हटलं, "आई, आता काहीच दिसत नाहीये."

"मला पण," आई म्हणाली. आणि मग आम्ही दोघं इतके हसलो की आतून बायको बघायला आली.

विनोदाचं सांगतो. स्टँड-अप कॉमेडी हा प्रकार आईसाठी उत्तम असं मला वाटलं होतं. एक माणूस, एक माईक, बघण्यासारखं काही नाही. आईला तर हे नवीनही नव्हतं. तिने लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' प्रत्यक्ष पाहिलेलं. एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करायचा आणि अख्खं वऱ्हाड विमानात बसवायचा, तेही मराठवाड्याच्या बोलीत. "तेव्हा त्याला स्पेशल म्हणत नव्हते," आई म्हणते. झाकीर खानचा 'तथास्तु' (२०२२) तिने एका बैठकीत ऐकला. हिंदी असल्यामुळे माझं काम नव्हतं. आजोबांविषयी बोलतो तिथे ती अगदी गप्प झाली. मग म्हणाली, "मुलगा गुणी आहे. पण हसवायला बोलावून रडवतात कशाला हल्ली?"

'नॅनेट'चा मात्र मी पार विचका केला. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांचा २०१८ सालचा कार्यक्रम, सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये चित्रित केलेला. सगळं इंग्रजी. मी वाक्यावाक्याचा मराठी अनुवाद करत होतो आणि तिकडे लोक आधीच हसून मोकळे होत होते. म्हणजे आमच्या घरी हशा आधी आणि विनोद नंतर. आईला मूळ विनोदापेक्षा माझ्या धांदलीचंच जास्त हसू येत होतं. पण त्यात गॅड्सबी एक गोष्ट सांगतात ती माझ्या डोक्यात अडकून बसली. त्या म्हणतात, विनोदाला दोन भाग पुरतात, आधी ताण निर्माण करायचा आणि मग तो सोडवायचा. गोष्टीला मात्र तिसरा भाग लागतो, शेवट. स्वतःच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचा त्या आधी विनोद करून सांगतात. नंतर तोच प्रसंग पुन्हा, या वेळी शेवटासकट. तो शेवट मारहाणीचा असतो. इतकी वर्षं लोकांना हसवण्यासाठी आपण गोष्ट मध्येच तोडत होतो, असं त्यांचं म्हणणं.

हे मी आईला नीट भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. अर्ध्यात सोडलं की सगळंच हसण्यावारी नेता येतं." असो.

डॉक्युमेंटरी हा माझा प्रांतच नव्हे. शाळेत फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवायचे, तेव्हापासून मनात अढी. पण 'माय ऑक्टोपस टीचर' आईने दोनदा 'पाहिला'. २०२१ मध्ये ऑस्कर मिळालेला. दक्षिण आफ्रिकेतला क्रेग फॉस्टर नावाचा माणूस जवळजवळ वर्षभर रोज थंडगार समुद्रात बुडी मारून एका ऑक्टोपसला भेटायला जातो, एवढंच. यात माझी खरी परीक्षा झाली, कारण पाण्याखाली आवाज जवळजवळ नाहीच. शार्क मागे लागतो तेव्हा ती ऑक्टोपस आपल्या हातांनी शिंपले-शंख उचलून अंगाभोवती लावून घेते आणि गोळा होऊन बसते. मी सांगितलं, आई म्हणाली, "गोधडी." झालं. माझी पाच वाक्यं तिने एका शब्दात बसवली. आधी एकदा शार्क तिचा एक हात तोडून नेतो आणि तो हळूहळू पुन्हा उगवतो, हेही मी सांगितलं. त्यावर आई काही बोलली नाही. मी उगाच सांगितलं असं मला वाटलं.

आणि मग 'नोट्स ऑन ब्लाइंडनेस' (२०१६). हा लावायचा की नाही यावर मी आठवडाभर विचार केला, पण आईनेच कुठेतरी रेडिओवर ऐकलं होतं. जॉन हल हे बर्मिंगहॅमला धर्मशिक्षणाचे प्राध्यापक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची दृष्टी पूर्ण गेली आणि त्यांनी कॅसेटवर बोलून रोजनिशी ठेवायला सुरुवात केली. सिनेमात आवाज त्या कॅसेटमधला खरा आणि नट फक्त ओठ हलवतात. त्यात पावसाचा एक भाग आहे. हल म्हणतात, की पाऊस आला की सगळ्या वस्तूंना कडा येतात. झाड कुठे, कुंपण कुठे, पायवाट कुठे, ते आवाजावरून कळतं. घरातही पाऊस पडायला हवा होता. आणि पडद्यावर खरंच स्वयंपाकघरात पाऊस पडायला लागतो, कपांवर, भांड्यांवर.

मी हे भारावून वगैरे सांगितलं. आई म्हणाली, "त्यात काय नवीन? आपल्याकडे अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं, अळवावर पडतोय की केळीवर की गोठ्याच्या पत्र्यावर." राजापूरकडची बाई. बर्मिंगहॅमच्या प्रोफेसरांना एका वाक्यात खिशात टाकलं.

पण पुढे एक जागा आली. बायकोचा, मुलांचा चेहरा आपल्याला आता आठवेनासा झालाय, असं हल सांगतात. जुने फोटो आठवतात, माणसं नाही. मला ते मराठीत आणता येईना. म्हणजे येत होतं, शब्द काही अवघड नव्हते. मी म्हटलं, "घरच्यांबद्दल बोलतायत." आई कालनिर्णयकडे बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "माणूस एवढा वेळ बोलला आणि तू दोन शब्दांत संपवलंस?"

"तेच तेच बोलतात गं," मी म्हटलं. ती काही बोलली नाही.

'श्वास' लाव असं आई पहिल्यापासून म्हणत होती. संदीप सावंतचा, २००४ सालचा. 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं म्हणून तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. ऑस्करसाठी निवडला गेला तेव्हा लोकांनी वर्गणी काढली होती. आईच्या शाळेनेही मुलांकडून रुपया-दोन रुपये गोळा केले होते. पण सिनेमा तिचा राहूनच गेला. मी दर वेळी काहीतरी कारण सांगायचो. प्रिंट चांगली नाही. सापडत नाही. आज नेट स्लो आहे. आजचं सगळं सोडून शंभर वर्षांपूर्वीचे मूकपट सापडतात आणि 'श्वास' सापडत नाही, यावर मास्तरीणबाईंनी विश्वास ठेवला असेल असं मला का वाटलं, देव जाणे.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कोकणातला परशा नावाचा छोटा मुलगा. डोळ्याचा कर्करोग. आजोबा त्याला शहरातल्या हॉस्पिटलात आणतात. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करायलाच हवं आणि ऑपरेशन केलं की दृष्टी कायमची जाणार. पण सिनेमा खरा अडतो तो पुढच्या प्रश्नावर. हे पोराला सांगायचं कोणी?

माझं कारण तेच होतं. तिच्या डोळ्यांचं कारण मी मनाशी पुढे करायचो, तिला उगाच त्रास नको वगैरे. ते खरं नव्हतं. मागच्या वर्षी तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं होतं. उजवा डोळाही त्याच वाटेने चालला आहे, म्हणाले. वेग सांगता येत नाही. गेलेलं परत आणणारं औषध नाही. पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं राहील, पण पुढे चेहरे ओळखता येणार नाहीत, मनाची तयारी करून ठेवा. कोणाच्या मनाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आत आलो, आईने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, "गोळ्या चालू ठेवायच्या. सहा महिन्यांनी बघू." दोन भाग सांगितले, तिसरा ठेवून दिला.

गेल्या महिन्यात एकदा ऑफिसातून लवकर आलो. आई आणि स्वयंपाकाच्या मावशी चहा पीत बसल्या होत्या. टीव्ही नुकताच बंद केलेला. मावशी पदराने डोळे पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "दादा, आजींना तो आजोबा आणि नातवाचा पिच्चर सांगितला आज. तुमच्या पोरानेच लावून दिला शाळेत जायच्या आधी. काय हो गुणाचं पोर ते!"

मावशी गेल्यावर मी चपला काढायला विसरून तसाच उभा. आई म्हणाली, "चांगलं सांगतात त्या. विशेषणं लावत नाहीत."

मग म्हणाली, "त्या परशाला कळलेलं असतं. मोठी माणसं कोपऱ्यात जाऊन बोलायला लागली की पोरांना कळतंच. मी वर्गात बघितलंय ना." थोडं थांबून म्हणाली, "डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावलं, तू आत आलास आणि एकदम मोठ्याने बोलायला लागलास. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही. आवाज चढला होता तेवढं कळलं. आता सांग, काय म्हणाले ते. सगळं सांग."

मी सांगितलं. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, क्रमाने, डॉक्टर बोलले तसं. तिने दोन प्रश्न विचारले. किती दिवस, आणि चालता-फिरता येईल का. पहिल्याचं उत्तर नव्हतं, दुसऱ्याचं होतं. मग ती म्हणाली, "आणि त्या इंग्रज प्रोफेसराचं काय राहिलं होतं, तेही सांगून टाक." तेही सांगितलं.

"हं," आई म्हणाली. "तो पार अंधारात होता. मला खिडकीतला कावळा तरी दिसेल."

गेल्या रविवारी आम्ही 'श्वास' एकत्र लावला. तिचा दुसऱ्यांदा, माझा वीस वर्षांनी. आजोबा पोराला हॉस्पिटलातून गुपचूप घेऊन जातात, शहर दाखवायला, दृष्टी आहे तोवर. त्या सगळ्या भागात मी कमी बोललो. शेवटी बोटीतून घरी परत निघतात. पोराच्या डोळ्यांवर काळा चष्मा. किनाऱ्यावर घरची माणसं वाट बघत असतात आणि तो हात हलवतो. मी सांगितलं, बोट आहे, पाणी आहे, पोरगा हात हलवतोय.

आईने विचारलं, "आजोबाचा चेहरा कसा आहे?"

हा प्रश्न तिने या दोन वर्षांत कधी विचारला नव्हता. मी सिनेमा थांबवला. अरुण नलावड्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, बराच वेळ. डोळे कुठे आहेत, ओठ कसे आहेत, एवढंच सांगितलं. विशेषण एकही लावलं नाही. आई पहिल्यांदाच कालनिर्णय सोडून सरळ माझ्याकडे तोंड करून ऐकत होती. तिला माझा चेहरा किती दिसत होता, कोण जाणे.

नंतर विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "मध्ये जरा रेंगाळतो. पण एकदा बघायला हरकत नाही."

ता. क. : सिनेमागृहांत अंधांसाठी चित्रवर्णनाची सोय करावी अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये काढली आहेत. आईला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "चांगलं आहे. फक्त सांगणाऱ्याने मधलं गाळू नये."